मदुराई, पहाटे सव्वापाच

२६ ऑगस्ट २०२३, शनिवार. मदुराई स्टेशनच्या यार्डात उभ्या असलेल्या एका डब्यात पहाटे कॉफीसाठी शेगडी पेटवायला घेतली आणि डब्याला आग लागली. नऊ यात्रेकरू गेले. गाडी रुळांवरून घसरली नव्हती, सिग्नल चुकला नव्हता, कशाशी टक्कर झाली नव्हती. डबा जागेवर उभा होता.

ही बातमी मला विसरता आलेली नाही, कारण तशाच शेगडीवरचा चहा मी प्यायले आहे. आईबरोबर दक्षिण यात्रेला गेले होते, तेव्हा आमच्या बसच्या शेवटच्या बाकाखाली सतरंजीत गुंडाळलेला सिलिंडर असायचा. तपासणीचं नाकं जवळ आलं की आचारीकाका त्यावर पिठाचं पोतं टाकायचे. आम्ही चाळीस जण ते बघायचो आणि गप्प बसायचो. चहा मात्र वेळेवर मिळायचा.

मदुराईचा हा घटनाक्रम मी मांडते आहे तो त्या गप्प बसण्याचा हिशेब म्हणून. स्वयंपाकाचा गॅस चाकांवरच्या घरात नेता येतो, जगभर लोक नेतात. पण तो लपवून नेता येत नाही. लपवला की त्याला सांभाळायचे सगळे मार्ग आपणच बंद करतो.

गुरुवार, १७ ऑगस्ट. लखनौ. उरलेला वेळ: नऊ दिवस

आदल्याच दिवशी अधिक मास संपला होता. लखनौहून एक खासगी डबा दक्षिणेच्या यात्रेला निघाला.

रेल्वेत असा अख्खा डबा आरक्षित करता येतो. आयआरसीटीसीच्या पोर्टलवर अर्ज करायचा, डब्यामागे ५० हजार रुपये अनामत भरायची, मार्ग आणि मुक्काम कळवायचे. मग रेल्वे तो डबा कधी या गाडीला, कधी त्या गाडीला जोडून नेते. मुक्कामाच्या गावी तो सोडवून यार्डात उभा करतात. यात्रेकरू दर्शन करून येतात आणि पुन्हा आपापल्या बर्थवर झोपतात. उतारवयातल्या माणसांना ही सोय फार मोलाची वाटते. रोज सामान उचलायला नको, धर्मशाळा शोधायला नको. परदेशात ज्याला आरव्ही किंवा मोटरहोम म्हणतात, त्याचंच हे आपल्याकडचं साठ माणसांचं रूप.

या सोयीला एक स्पष्ट अट आहे. डबा फक्त प्रवासासाठी आहे आणि गॅस सिलिंडरसारखी पेट घेणारी वस्तू त्यात न्यायला मनाई आहे. रेल्वे कायदा १९८९च्या कलम ६७ने धोकादायक माल असा परस्पर नेण्याला बंदी केलेली आहे.

तरी सिलिंडर डब्यात चढला.

तो चढवणाऱ्यांना दुष्ट ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यानं काहीच कळत नाही. यात्रा बरेच दिवसांची. कुणी कांदा-लसूण खात नाही, कुणाला मधुमेह, कुणाचा सोमवार, कुणाच्या पोटाला परका तिखटपणा सोसत नाही. 'घरच्यासारखं जेवण' हे यात्रा कंपनीचं सर्वांत मोठं आश्वासन असतं आणि म्हातारी माणसं त्याच आश्वासनावर घराबाहेर पडतात. त्या आश्वासनासाठी चूल लागते. चुलीला परवानगी नाही. मग ती पोत्याआड जाते.

नियम मोडला गेला तो इथे. त्याची किंमत वसूल व्हायला अजून नऊ दिवस होते.

१८ ते २४ ऑगस्ट. वाटेत. उरलेला वेळ: आठ दिवस, सात, सहा…

या सात दिवसांत आग लागली नाही. घटनाक्रमातला सर्वांत फसवा टप्पा हाच.

नियम मोडूनही पहिला दिवस सुखरूप गेला की धाक थोडा कमी होतो. तिसऱ्या दिवशी लपवाछपवीची सवय होते. पाचव्या दिवशी 'काही होत नाही हो' हे वाक्य अनुभवाचे बोल म्हणून सांगितलं जातं. आमच्या बसमध्येही ते सांगितलं जायचं.

पण शेगडीच्या जोडणीला अनुभव येत नसतो, तिची झीज होत असते. घरातला सिलिंडर ओट्याखाली एका जागी उभा असतो. महिना-दीड महिन्यातून एकदा बदलला जातो, तेवढाच काय तो हलतो. प्रवासातला सिलिंडर रोज हलतो. गाडी धावताना सतत थरथर, डबा जोडताना आणि सोडवताना धक्के. प्रत्येक खेपेला रेग्युलेटर लावायचा, काढायचा, रबरी ट्यूब गुंडाळून ठेवायची. सिलिंडरच्या तोंडात एक छोटी रबरी रिंग असते. ती चिरली किंवा जागेवरून सरकली की गॅस तिथून निसटतो. ट्यूब एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा दुमडली की तिथे भेग पडते. या जागा उघड्यावर, उजेडात, साबणाच्या फेसानं तपासता येतात. बर्थखाली अंधारात त्या कोण तपासणार?

आणखी एक गोष्ट लपवण्यातूनच येते. उंच सिलिंडर बर्थखाली मावत नाही, म्हणून तो आडवा केला जातो. सिलिंडरमध्ये गॅस पातळ रूपात असतो आणि वरच्या मोकळ्या जागेत त्याची वाफ. उभ्या सिलिंडरमधून वाफ बाहेर येते आणि शेगडी त्या वाफेसाठीच बनवलेली असते. आडव्या सिलिंडरच्या तोंडाशी पातळ गॅस येतो. एक लिटर पातळ गॅसची बाहेर पडल्यावर सुमारे अडीचशे लिटर वाफ होते. तीच गळती, तेच भोक, पण बाहेर येणारा गॅस कितीतरी पट. म्हणून सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा आणि उभाच न्यावा, हा नियम पुस्तकी नाही.

शुक्रवार, २५ ऑगस्ट. नागरकोईल. उरलेला वेळ: काही तास

कन्याकुमारी जिल्ह्यातल्या नागरकोईल जंक्शनवर हा डबा पुनलूर–मदुराई एक्स्प्रेसला, म्हणजे १६७३० क्रमांकाच्या गाडीला जोडला गेला.

डबा जोडताना कपलिंग बघतात, ब्रेकची नळी बघतात, चाकं बघतात. डबा बाहेरून तपासण्यात रेल्वेची माणसं तरबेज असतात. बर्थखालच्या गाठोड्यात काय आहे हे ठाऊक असतं ते आत राहणाऱ्यांना. साठहून अधिक माणसं आठवडाभर एकत्र राहत असली की कुठल्या पोत्याखाली काय आहे हे गुपित उरत नाही. रोजचा वाफाळता चहा कुठून येतो हे सर्वांना माहीत असतं. स्टेशनमास्तरांना, तिकीट तपासनिसाला किंवा १३९ या रेल्वेच्या मदत क्रमांकाला नुसतं कळवलं असतं, तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण रोज आपल्याला वाढणाऱ्या माणसाची तक्रार करायची म्हणजे अन्नाशी बेईमानी वाटते. मला वाटली होती.

शुक्रवारची रात्र. धावती गाडी

डब्यातली माणसं झोपली असतील. तेवढ्या वेळात त्यांच्या सोबतीला असलेल्या गॅसची ओळख करून घेऊ.

आपल्याकडचा स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. अमेरिकेतल्या आरव्हीच्या टाक्यांत मुख्यतः प्रोपेन असतो. दोघांचा स्वभाव सारखा. दोघेही हवेपेक्षा जड, दीडपट ते दुप्पट. त्यामुळे गळलेला गॅस वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही. तो पाण्यासारखा खाली उतरतो, जमिनीलगत पसरतो, बर्थखालच्या सामानात, चपलांत, पिशव्यांत साचून राहतो. त्याला स्वतःचा वास नसतो. आपल्याला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन नावाच्या रसायनाचा. हा पहारेकरी चांगला आहे, पण तो जागत्या माणसालाच हाक मारतो. झोपलेल्याला वासानं जाग येईलच असं नसतं. आणि जागा माणूसही तोच वास बराच वेळ घेत राहिला तर नाक त्याला सरावतं.

आता गणित. हवेत साधारण २ टक्के गॅस मिसळला की ते मिश्रण पेट घेऊ शकतं. ९-१० टक्क्यांच्या वर गेलं तर हवा कमी पडते आणि ते पेटत नाही. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्याची वाफ सहा घनमीटरांहून जास्त होते. रेल्वेचा डबा सुमारे २० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद. आतली हवा १४० घनमीटरांच्या आसपास धरली, तर २ टक्क्यांसाठी तीन घनमीटरही गॅस लागत नाही. म्हणजे अर्धा सिलिंडर अख्ख्या डब्याला पुरून उरतो. तोही गॅस सगळीकडे सारखा पसरला तर. प्रत्यक्षात तो खाली साचतो, त्यामुळे एका कोपऱ्यापुरता भडका उडायला याच्या कितीतरी कमी पुरतो.

शनिवार, २६ ऑगस्ट, पहाटे ३:४७. मदुराई. उरलेला वेळ: ८८ मिनिटं

गाडी मदुराईला पोहोचली. डबा सोडवून यार्डातल्या बाजूच्या रुळावर उभा केला गेला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे २७ तारखेला, तो कोल्लम–चेन्नई एग्मोर अनंतपुरी एक्स्प्रेसला लागणार होता आणि चेन्नईहून लखनौला परतणार होता. काही जण डबा सुटण्याआधीच स्टेशनात उतरले होते. तेवढं उतरणं त्यांना वाचवून गेलं.

पहाटे ४ नंतर. उभा डबा. उरलेला वेळ: सव्वा तास

डबा उभा राहिला की त्याचं घर होतं. धावताना फटीफटीतून येणारा वारा थांबतो. यार्डात अंधार असतो, चोरीची भीती असते, म्हणून माणसं दारं लावून घेतात. आत पन्नासेक माणसं, कपडे, गाद्या, पिशव्या आणि गॅस.

याच ठिकाणी चाकांवरचं दुसरं घर कसं बांधलेलं असतं ते बघण्यासारखं आहे. नीट बांधलेल्या मोटरहोममध्ये गॅसची टाकी राहत्या खोलीत नसतेच. तिच्यासाठी बाहेरून उघडणारा वेगळा कप्पा असतो. तो आतल्या बाजूनं पक्का बंद असतो आणि त्याच्या तळाशी बाहेर उघडणारे झरोके असतात, म्हणजे गळती झालीच तर जड गॅस तिथून रस्त्यावर पडावा, खोलीत शिरू नये. टाकी उभी, पट्ट्यानं आवळलेली. ती ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरत नाहीत, कारण उन्हात पातळ गॅस फुगतो आणि त्याला जागा लागते. आत जमिनीजवळ गॅसची गळती ओळखणारी घंटी बसवलेली असते. ती भिंतीवर वर लावून उपयोग नाही, कारण गॅस खालून येतो. सावध माणसं गाडी चालू करण्याआधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करतात आणि पेट्रोल पंपावर शिरण्याआधी ज्योत विझवतात. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांत १० पौंडांपेक्षा मोठी प्रोपेनची टाकी घेऊन जायलाच बंदी आहे. अशा गाड्यांना लांबचा वळसा घालावा लागतो आणि लोक तो घालतात.

यातला एकेक नियम मागे कधीतरी कुणीतरी भाजल्यावर शिकलेला आहे. आणि प्रत्येक नियमाला एकच गोष्ट गृहीत धरावी लागते, ती म्हणजे टाकी कुठे आहे हे सर्वांना माहीत आहे. लपवलेल्या टाकीला झरोका करता येत नाही. तिच्याशेजारी घंटी बसवता येत नाही. तिच्यापासून दूर झोपा असं कुणाला सांगता येत नाही, कारण ती तिथे नाहीच असं आपण मघाशीच सांगितलेलं असतं.

पहाटे ५:००. उरलेला वेळ: पंधरा मिनिटं

मीनाक्षी मंदिराची दारं पहाटे पाचला उघडतात. मंदिर स्टेशनपासून फार लांब नाही. यात्रेतली सकाळ कशी असते हे ज्यांनी यात्रा केली आहे त्यांना सांगायला नको. ज्येष्ठ मंडळी सर्वांच्या आधी उठतात, अंधारात पिशवी चाचपतात, दात घासतात, कुणी पुटपुटत स्तोत्र म्हणतं. स्वयंपाक करणारी माणसं त्यांच्याही आधी उठलेली असतात. दर्शनाला जायचं आहे, त्याआधी सर्वांच्या पोटात काहीतरी गरम जावं, एवढाच हेतू.

पहाटे ५:१५

मदुराईच्या जिल्हाधिकाऱ्यांनी त्याच दिवशी सांगितलं ते असं: कॉफी करण्यासाठी गॅसची शेगडी पेटवायला गेले आणि सिलिंडरचा स्फोट झाला.

दक्षिण रेल्वेच्या नोंदीत आग लक्षात आल्याची वेळ ५:१५ आहे. रेल्वेनं निवेदनात कारण सांगितलं तेही हेच: बेकायदा आत आणलेला गॅस सिलिंडर.

५:१५ ते ५:४५. तीस मिनिटं

अग्निशमन दलाला लगेच कळवलं गेलं. बंब ५:४५ला पोहोचले. शहरातल्या यार्डात, पहाटेच्या रिकाम्या रस्त्यांवरून अर्धा तास. घराच्या मानानं हा वेळ जास्त वाटणार नाही. पण रेल्वेचा डबा म्हणजे एक लांबट बोळ. मधून एक चिंचोळी वाट, दोन टोकांना दारं. रेक्झिनच्या गाद्या, कपड्यांची गाठोडी, फोम. अशा जागी धूर आगीच्या आधी पोहोचतो. माणूस भाजण्याआधी गुदमरतो. सत्तरीच्या माणसाला बर्थवरून उतरायला, चष्मा शोधायला, दाराकडे वळायलाच एक मिनिट लागतं.

आग दिसताच बरेच जण बाहेर पडू शकले. पन्नासहून अधिक माणसं वाचली. दारं बंद असल्यानं बाहेर पडताना फार हाल झाले, असं वाचलेल्यांच्या सांगण्यातून पुढे आलं. रात्री चोरासाठी लावलेली कडी पहाटे आपल्याच माणसांना आड आली.

सकाळी ७:१५

आग विझली. शेजारच्या कुठल्याही डब्याला झळ लागली नाही. आत नऊ मृतदेह मिळाले. जळक्या सामानात सिलिंडर होता आणि बटाट्यांचं पोतं होतं. त्या बटाट्यांवरून माझी नजर हलत नाही. दुपारच्या भाजीची तयारी होती ती.

त्यानंतर

रेल्वेनं मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी १० लाख रुपये जाहीर केले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी चौकशी हाती घेतली. यात्रा नेणाऱ्यांपैकी काही जणांना अटक झाली. रेल्वे कायद्याच्या कलम १६४नुसार असा धोकादायक माल आणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि झालेल्या नुकसानीची जबाबदारी. एक हजार रुपये. घरगुती सिलिंडरची किंमत तेव्हा साधारण तेवढीच होती. हा दंड वाढायला हवा असं मला ठामपणे वाटतं.

पण दंड कितीही वाढला तरी बर्थखाली वाकून बघायला कायदा येत नाही. तिथे आपणच असतो. मागे वळून हा क्रम पुन्हा वाचला तर तो थांबवता आला असता अशा जागा एकेक करून दिसतात. लखनौला सामान चढताना. वाटेत सात दिवसांत कधीही. नागरकोईलला. मदुराईत डबा उभा राहिल्यावर, शेगडी बाहेर मोकळ्यावर नेऊनसुद्धा. प्रत्येक जागी एका माणसानं मोठ्यानं एक प्रश्न विचारायला हवा होता: "सिलिंडर आत का आहे?"

दरवर्षी आपल्याकडून किती बसगाड्या यात्रेला निघतात. दिंडीबरोबरच्या ट्रकांतून सिलिंडर, शेगड्या, भांडी आणि माणसं एकत्र जातात. गॅस लागणारच असेल तर तो माणसांबरोबर नको, मागून येणाऱ्या वेगळ्या टेम्पोत, उभा, दोरानं आवळलेला, तोंडावर टोपण लावलेला असावा. स्वयंपाक उघड्यावर व्हावा, गाडीत कधीच नाही. ट्यूब आणि रिंग निघण्याआधी बदललेली असावी. वास आला तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, काडी ओढायची नाही, दारं उघडून सर्वांना खाली उतरवायचं आणि १९०६ या क्रमांकावर फोन करायचा. आणि रेल्वेत, कितीही लांबची यात्रा असो, सिलिंडर नाहीच.

मदुराईनंतर माझी मावशी यात्रेला निघाली, तेव्हा बस सुटायच्या आधी मी आत चढले आणि शेवटच्या बाकाखाली वाकून बघितलं. सिलिंडर होता. सतरंजीही होती. मी व्यवस्थापकांना बाजूला घेऊन मदुराईबद्दल सांगितलं. ते आधी चिडले, मग म्हणाले, "ताई, वीस वर्षं नेतोय." आत बसलेल्या काही बायकांना माझा राग आला, मुहूर्त टळत होता. मावशीनं खिडकीतून खूण केली, पुरे कर. मी हटले नाही. अर्ध्या तासानं सिलिंडर खाली उतरला आणि सामानाच्या टेम्पोत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा फोन आला. "अगं, टेम्पो मागे राहिलाय. साडेआठ वाजले, अजून चहा नाही."

तिचा तो वैतागलेला आवाज मी शेवटपर्यंत ऐकून घेतला.